अध्यक्ष कोण, ते नंतर ठरवू

निवडणुकीचा निकाल लागला की बेळगावात, हा सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीवरून, एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. ‘समितीला एकच खंबीर नेता पाहिजे, दहा तोंडांनी बोलून काही होत नाही’ ही एक बाजू. ‘एकाच्या हातात सगळे दिले म्हणूनच ही वेळ आली, आता सामूहिक नेतृत्व आणा’ ही दुसरी. हे राजकारणापुरतेच नाही. पतसंस्थेची वार्षिक सभा असो, शिक्षण संस्थेची कार्यकारिणी असो, वाचनालयाचे विश्वस्त असोत की गावच्या देवस्थानची पंच कमिटी, हाच वाद वेश बदलून चालू असतो. माझ्या मते तो चुकीच्या टोकाने धरला गेला आहे. दोन्ही बाजू खुर्च्या मोजतात. एक खुर्ची की अकरा, एवढाच त्यांचा प्रश्न. जायचे कुठे, त्यातले या वर्षी किती चालायचे आणि कोणते काम कोणाच्या अंगावर, हे कोणी विचारत नाही. मी सामूहिक नेतृत्वाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण सीमाभागात त्या नावाने आज जे मागितले जाते, ते बहुतेक वेळा जागावाटप असते.

समितीचेच उदाहरण घेऊ, कारण सगळ्यांचे बोट तिकडेच वळते. २०१३ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते, एक बेळगाव दक्षिणचा आणि एक खानापूरचा. २०१८ मध्ये एकही उरला नाही. त्या वर्षी समितीत उघड दोन गट होते, खानापुरात दोन्हीकडचे उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले आणि दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या उमेदवाराच्या मतांहून जास्त भरली. त्यातून सगळ्यांनी एकच धडा घेतला : बेकीने हरलो, एकी केली की जिंकू. मग २०२३ उजाडले. या खेपेला समितीच्या ठिकठिकाणच्या घटक समित्यांनी मिळून एका मतदारसंघात एकच अधिकृत उमेदवार दिला. म्हणजे एकी झाली. आणि निकाल? पुन्हा शून्य. खानापुरात तर पाच वर्षांपूर्वी दोन गटांत फुटलेली मते एकत्र यायची सोडून बरीचशी तिसरीकडेच निघून गेली. मतदार एकीच्या वाटेकडे डोळे लावून बसला आहे, असे आपण गृहीत धरले होते. तो बसलेला नव्हता.

आता याच मतदाराने २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या एका तरुण उमेदवाराला लाखाहून जास्त मते दिली होती, हेही विसरून चालणार नाही. म्हणजे मराठी माणूस संपला, भाषेचे प्रेम आटले, वगैरे रडगाण्यातही अर्थ नाही. त्याच वर्षी महापालिकेच्या ५८ जागांपैकी ३५ भाजपने घेतल्या आणि समितीच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. काही महिन्यांच्या अंतराने त्याच शहरातला तोच मतदार दोन वेगळ्या गोष्टी का सांगतो? मला दिसणारे उत्तर सोपे आहे. लोकसभेला मत देणे म्हणजे भावना नोंदवणे होते आणि ती त्याने नोंदवली. महापालिकेला मत देणे म्हणजे गटार, पाणी, घरपट्टी, शाळेची खोली. तिथे समिती त्याला नेमके कुठे नेणार, हे त्याला कळले नाही. उमेदवारालाही ते सांगता आले असते की नाही, याची मला शंका आहे.

इथेच मुद्द्याची गाठ आहे. सीमाप्रश्नाचे शेवटचे ठिकाण सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर मतभेद नाहीत. पण २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यघटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हापासून ते ठिकाण आपल्या पायांच्या टप्प्यात राहिलेले नाही. असा दावा राज्याराज्यांतला किंवा राज्य आणि केंद्रातला असतो. बेळगावातली कोणतीही समिती, मंडळ किंवा संस्था त्यात वादी नाही. वकील कोण नेमायचा हे मुंबईत ठरते, तारीख दिल्लीत पडते. दावा गेला हे योग्यच झाले, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा एक परिणाम आपण कधी मोजलाच नाही. ध्येय दुसऱ्याच्या हाती सोपवल्यावर संघटनेच्या हाती रोजचे काय उरले? १७ जानेवारीचे हुतात्म्यांना अभिवादन, १ जूनचे हिंडलग्याचे अभिवादन, १ नोव्हेंबरचा काळा दिन आणि कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या अधिवेशनाच्या वेळचा निषेधाचा महामेळावा. या चारही गोष्टी पवित्र आहेत, पण हे स्मरणाचे आणि निषेधाचे दिवस आहेत. त्यांच्यामधल्या साडेतीनशे दिवसांत वाटून घेण्यासारखे कामच नसेल तर नेतृत्वात वाटून काय घेणार? पदे. मग अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, उपाध्यक्ष, सल्लागार अशी यादी लांबत जाते आणि तिला आपण सामूहिक नेतृत्व म्हणतो.

गंमत अशी, की नेतृत्व वाटायचे आणि दिशा एक ठेवायची म्हणजे काय, याचे देशातले एक चोख उदाहरण याच शहरात घडलेले आहे. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावच्या प्रांतिक परिषदेत लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. लीगचे अध्यक्ष झाले जोसेफ बाप्टिस्टा, चिटणीस झाले न. चिं. केळकर. स्वतः टिळकांनी पद घेतले नाही. मंडालेहून सुटून दोन वर्षे झालेला, देशभर नाव झालेला माणूस आपणच काढलेल्या संस्थेत बिनपदाचा राहतो, यात नुसती विरक्ती नव्हती, हिशेबही होता. त्यांच्यावर पुन्हा खटला भरला जाणार हे उघड होते, आणि तसे झालेही. त्याच वर्षीच्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचे जामीन मागितले आणि नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. मधले महिने लीगचे काम थांबले नाही, कारण लीग टिळकांच्या सहीवर चालत नव्हती. याच काळात, सप्टेंबरात, ॲनी बेझंट यांनी आपली वेगळी लीग काढली. आजच्या बेळगावात दुसरी लीग निघाली असती तर तिला ‘फुटीर’ म्हणून हिणवणारी पत्रके आठवड्यात निघाली असती. टिळक आणि बेझंट यांनी मुलूख वाटून घेतला. मुंबई शहर वगळता महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड टिळकांच्या लीगकडे, बाकीचा देश बेझंटबाईंकडे. दोन संस्था, दोन कारभार, दोन स्वभाव. मागणी मात्र एकच, स्वराज्याची, आणि ती इतकी सोपी की बाजारातल्या माणसालाही सांगता यावी.

या उदाहरणातून मी दोन गोष्टी घेतो. एक, संस्था दोन झाल्या म्हणून चळवळ फुटतेच असे नाही. मागणी अस्पष्ट असेल तर एकाच संस्थेतही ती फुटते. दुसरी गोष्ट आपल्याकडच्या मोठ्या माणसांना कडू लागेल. ज्याच्याकडे लोकांचा विश्वास आहे त्याने पद घेतलेच पाहिजे असे नाही. आपल्याकडे उलटे होते. पद हेच विश्वासाचे प्रमाणपत्र मानले जाते, म्हणून वय झालेला कार्यकर्तासुद्धा ते सोडायला धजत नाही. सोडले की उद्या व्यासपीठावर खुर्ची मिळेल की नाही, ही धास्ती असते. ती खोटी नाही, हे दुर्दैव.

आता विरोधी बाजूचे म्हणणे ऐकू. ते हलके नाही. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा जबाबदारीचा आहे. अकरा जणांनी मिळून घेतलेला निर्णय चुकला तर जाब कोणाला विचारायचा? बुडालेल्या पतसंस्थांच्या संचालकांचे जबाब कधी वाचा. प्रत्येकाला वाटत असते की कर्जाची फाईल दुसऱ्याने पाहिली होती. कायद्याने संचालक मंडळ सामूहिक जबाबदार असते, पण व्यवहारात सर्वांची जबाबदारी ही कोणाचीच नसते, हे ठेवीदाराला अनुभवाने कळते. दुसरा मुद्दा वेगाचा. पोलिसांनी रात्री परवानगी नाकारली तर सकाळी मोर्चा काढायचा की नाही, हे ठरवायला बैठक बोलवत बसता येत नाही. आणि तिसरा मुद्दा आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे : केएलई संस्था. सीमाभागात एवढा मोठा शैक्षणिक डोलारा दुसऱ्या कोणी उभा केलेला नाही, आणि त्याचा मोठा विस्तार १९८४ पासूनच्या चार दशकांत, प्रभाकर कोरे यांच्या एकट्याच्या अध्यक्षतेखाली झाला. मग एकचालकानुवर्ती कारभार वाईट कसा?

जबाबदारीचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो आणि म्हणूनच माझ्या बाजूला वळवतो. सर्वांनी मिळून सर्व काही ठरवणे म्हणजे सामूहिक नेतृत्व, ही समजूतच चुकीची आहे. कर्ज मंजुरीचा विषय ज्याच्याकडे त्याचे नाव ठरावात हवे, वसुली ज्याच्याकडे त्याचे वेगळे. असे असेल तर अकरा जणांत अकरा जबाबदार माणसे सापडतात. एकाच अध्यक्षाच्या संस्थेत मात्र एकच सापडतो, आणि तोही अनेकदा सापडत नाही, कारण त्याला विचारणारे बाकीचे दहा जण त्यानेच निवडलेले असतात. ठेवी बुडालेल्या संस्थांची यादी काढून पाहा. त्यात भांडणाऱ्या संचालकांच्या संस्था जास्त निघतील की एकाच ‘साहेबां’च्या मर्जीवर चाललेल्या? भांडणाऱ्या मंडळात निदान कोणीतरी दुसऱ्याचे कागद तपासत असतो.

केएलईचे उदाहरणही पुढून वाचायला हवे, फक्त शेवटचे प्रकरण नव्हे. १९१६ साली, म्हणजे टिळकांची लीग निघाली त्याच वर्षी, बेळगावातच सात तरुण शिक्षकांनी ही संस्था काढली. तिथे त्यांना आजही सप्तर्षी म्हणतात. एक शाळा चालवायची, आपल्या समाजातली मुले शिकवायची, यावर सातही जण ठाम होते. अध्यक्षपदावरची चार दशके त्यानंतरच्या जवळपास सात दशकांवर उभी आहेत. खंबीर माणसाने संस्था वाढवली हे खरे, पण ती वाढवण्याइतकी पक्की आधी कोणी केली? आणि मराठी माणसाने हेही प्रामाणिकपणे म्हणायला हवे, की शेजारच्या कानडी शिक्षकांनी जे जमवले ते आपल्याला त्याच शहरात त्या प्रमाणात जमले नाही. भाषेच्या भांडणात हा हिशेब मांडायचा राहून जातो.

वेगाचा मुद्दा उरतो. त्यावर इतिहासच बोलावा. आपल्याकडे गोंधळलेल्या कारभाराला ‘बारभाईंचा कारभार’ म्हणून नाके मुरडतात. पण खुद्द बारभाईंनी काय केले? १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादांनी गादी बळकावली. पुढच्याच वर्षी नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके वगैरे कारभारी एकत्र आले आणि काही दिवसांच्या बाळाला, सवाई माधवरावांना, पेशवा करून कारभार हाती घेतला. समोर राघोबा, त्यांच्या पाठीशी मुंबईचे इंग्रज. युद्ध आणि फितुरी दोन्ही एकदम. याहून घाईची परिस्थिती कोणती? तरीही १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागतीचा तह लिहून द्यावा लागला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी राघोबाची बाजू सोडली. महादजी शिंद्यांसारखा तोलामोलाचा सरदार नानांचे सगळे ऐकणारा कधीच नव्हता, पण राघोबा गादीवर येता कामा नये आणि इंग्रज पुण्यात येता कामा नये, या दोन गोष्टींवर दोघांचे दुमत नव्हते. दिशा एवढी स्पष्ट असली की वेग येतो, कारण प्रत्येक वेळी विचारायला जावे लागत नाही.

बारभाईंची पुढची गोष्ट मात्र मी लपवणार नाही. सखारामबापूंचे राघोबाशी संधान असल्याचा संशय आला आणि त्यांना कैद झाली. ते कैदेतच वारले. हळूहळू कारभार नानांच्या एकट्याच्या हाती एकवटला. तोपर्यंत त्याला शहाणपणाचा कारभार म्हणत, आणि तो शहाणपणाचा होताही. पण १८०० साली नाना गेले आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईला तैनाती फौजेच्या तहावर सही केली. तीन वर्षेसुद्धा लागली नाहीत. एका खंबीर माणसाची किंमत त्याच्या हयातीत दिसत नाही, ती नंतर चुकवावी लागते. एकच नेता मागणाऱ्यांना माझा प्रश्न हाच आहे : तो गेल्यावर काय?

त्याच्याही आधीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजधानी पडली, राजाराम महाराज दूर जिंजीला गेले आणि पुढे तिथेच वेढ्यात अडकले. औरंगजेबाचा हिशेब सरळ होता : डोके उडवले, धड पडेल. पडले नाही. इकडे रामचंद्रपंत अमात्य हुकूमतपन्हा म्हणून मुलखाचा कारभार पाहत होते, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगली फौजांना पळता भुई थोडी करत होते, तिकडे जिंजीत प्रल्हाद निराजी. राजा शेकडो मैलांवर, निरोप पोचायला आठवडे. तरी लढाई चालू राहिली, औरंगजेब १७०७ मध्ये दख्खनमध्येच मेला. आणि या कारभाराला तडा कुठे गेला? रणात नाही, पदावर. सेनापतिपद संताजींचे की धनाजींचे यावरून दोन्ही सेनानींत वितुष्ट आले, ते एकमेकांवर चालून गेले आणि १६९७ मध्ये संताजींचा अंत आपल्याच माणसाच्या हातून झाला. मोगलांना जे जमले नाही ते एका पदाच्या वादाने केले. सीमाभागातल्या कार्यकर्त्याला या गोष्टीतली पात्रे ओळखू येतील, नावे मी घेत नाही.

शिवाय सीमाभागात तर एकाच नेत्याची कल्पना व्यवहारातही टिकत नाही. महामेळाव्याच्या आदल्या रात्री किंवा त्या सकाळी प्रमुख नेते ताब्यात घेतले जातात, हे आता दोन्ही बाजूंना पाठ झाले आहे. ज्या संघटनेचा सगळा निर्णय दोन-तीन माणसांच्या खिशात, ती संघटना एका पोलीस गाडीत मावते. वेगासाठी एकच नेता हवा म्हणणाऱ्यांनी हा वेग कोणाच्या सोयीचा, हेही पाहावे.

मग नुसते अनेक नेते पुरेत का? नाही, आणि याचा पुरावाही आपल्याच इतिहासात आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावातून ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी समितीने शेकड्यांनी अर्ज भरायला लावले आणि लोकांनी भरले. मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली. एका हाकेला शेकडो सामान्य माणसे स्वतःच्या खिशातले अनामतीचे पैसे भरून उभी राहतात, ही सोपी गोष्ट नाही. एवढी शिस्त आज कोणत्या पक्षाकडे आहे? पण दुसऱ्या दिवशीचे पाऊल कोणी ठरवले नव्हते. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली आणि तो मार्गच बंद झाला. दिल्लीने आपले पाऊल टाकले, आम्ही आमच्या पराक्रमाच्या आठवणी सांगत राहिलो.

संयुक्त महाराष्ट्र समितीचेही तेच. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झालेल्या त्या समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन अशी एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी मंडळी होती. एस. एम. जोशी आणि डांगे एका व्यासपीठावर, त्यात अत्रे. घोषणेत बेळगाव, कारवार, निपाणी होते. १ मे १९६० ला राज्य मिळाले आणि समितीतले पक्ष आपापल्या वाटेने निघाले. मुंबई मिळाली, घोषणेतली तीन गावे मागे राहिली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मुख्य मागणी पूर्ण झाली की आघाडी विरघळते, हा तिचा स्वभाव असतो. पण आपण त्यातून शिकायला हवे होते, की ‘सीमाप्रश्न सुटेपर्यंत एकत्र’ एवढ्यावर संघटना बांधली तर ती सुटेपर्यंत रिकामी बसते.

आता जिथे हे सगळे जमते, तिकडे पाहू. माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीला जातात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी घडी घातली, तीत अंकलीचा हा वाटा आहे आणि तो आजही चालू आहे. राज्याची सीमा मधे आली म्हणून अश्व थांबले नाहीत. या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या, रथामागे कितीतरी जास्त. प्रत्येक दिंडीचा स्वयंपाक वेगळा, तंबू वेगळा, विणेकरी वेगळा, आतली वर्गणी वेगळी. लाखो माणसांचा कार्यकारी संचालक कोण? कोणी नाही. पण मुक्कामाच्या समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकली जाते, उद्याची वेळ आणि वाट सांगितली जाते, मग आरती. तक्रारीला वेळ ठरलेली आणि जागा ठरलेली, तीही रोज, सर्वांसमोर. आपल्या कोणत्या संस्थेत नाराज माणसाला अशी जागा आहे? नसल्यामुळे तो चहाच्या टपरीवर बोलतो आणि पुढे दुसरा गट काढतो. ‘ती श्रद्धेची गोष्ट आहे, संघटनेशी तिची तुलना करू नका’ असे कोणी म्हणेल. श्रद्धा माणसाला घरातून बाहेर काढते हे कबूल. पण लाखोंचा मुक्काम रोज उठवून रोज नव्या गावी बसवायला व्यवस्था लागते.

दुसरे उदाहरण अगदी आजचे. हिवाळा आला की कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कारदगा, माचीगड अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. त्यांना वरून आदेश देणारी संस्था नाही. गाव आपापली वर्गणी काढते, पाहुणे ठरवते, ग्रंथदिंडी काढते, जेवण घालते. कोणाचे अध्यक्ष मोठे, कोणाचे लहान. रुसवेफुगवेही होतात, पण कडोलीचे संमेलन झाले म्हणून येळ्ळूरकर आपले रद्द करत नाहीत. दिशा ठरलेली आहे : गावात वर्षातून एक दिवस मराठीत बोलायचे, ऐकायचे, पुस्तक विकत घ्यायचे. ती आवाक्यातली आहे, आणि झाली की नाही हे संध्याकाळी मांडव उतरताना कळते. निवडणुकीत हरणारी माणसे आणि संमेलन यशस्वी करणारी माणसे कित्येकदा तीच असतात. माणसे तीच असताना फळ वेगळे का येते, हा प्रश्न ‘एकच नेता’वाल्यांना आणि ‘सामूहिक’वाल्यांना सारखाच अडचणीचा आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की घटक समित्यांनी आणि सीमाभागातल्या प्रत्येक मराठी संस्थेने पदाधिकारी निवडण्याआधी वर्षाची दिशा लिहावी, आणि ती आपल्या पायांनी चालता येईल अशी असावी. दाव्याचा निकाल आपल्या हाती नाही. पण भाषिक अल्पसंख्याकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, हे कलम ३५०अ मध्ये आहे. जिथे अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर, तिथे महत्त्वाची सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेत द्यावीत, हा दंडक १९५६ पासूनचा आहे. बेळगावात ‘मराठीत कागद द्या’ म्हणून आपण दर वर्षी निवेदन देतो, फोटो काढतो आणि घरी जातो. कोणत्या ग्रामपंचायतीत कोणते परिपत्रक मागितले, उत्तर काय आले, पुढचे अपील कोणी केले, याची नोंद एका वहीत कोणाकडे आहे? तालुक्यातल्या कोणत्या मराठी शाळेचा पट या जूनला किती आहे आणि तो घसरू नये म्हणून मे महिन्यात दारोदार कोण फिरले? ही कामे वाटता येतात. एकाने शाळा घ्यावी, एकाने परिपत्रके, एकाने न्यायालयीन पाठपुरावा, एकाने तरुणांचा अभ्यासवर्ग. त्यात कोणी मोठा, कोणी लहान ठरत नाही, आणि वर्षअखेरीला कोणी काय केले ते लपतही नाही.

यावर एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे : अशा बारीकसारीक कामांत गुंतलो तर मूळ प्रश्न मागे पडेल, आम्ही कर्नाटकातच राहायला तयार आहोत असा अर्थ निघेल. आक्षेप प्रामाणिक आहे, जुन्या पिढीने तो रक्त सांडून कमावला आहे. पण पट शून्यावर गेलेली शाळा बंद झाल्यावर त्या गावात सीमाप्रश्न कोणत्या भाषेत मांडणार? गांधीजींनी १९२४ मध्ये याच बेळगावात, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या एकमेव काँग्रेस अधिवेशनात, अशीच कोंडी फोडायचा प्रयत्न केला होता. कायदेमंडळात जायचे म्हणणारे स्वराजवाले आणि नाही म्हणणारे नाफेरवादी, असे दोन तट पडले होते. त्यांनी स्वराजवाल्यांना काँग्रेसच्या वतीने कायदेमंडळात जाऊ दिले, आणि दोन्ही तटांसाठी मिळून रोजचे एक काम ठेवले, सूतकताई. सभासदत्वाची अटच महिन्याला दोन हजार वार सूत अशी केली. ती अट वर्षभरही टिकली नाही, हेही खरे. ती फारच कडक होती. पण स्वराज्याचे ध्येय सोडल्याचा आरोप त्यांच्यावर कोणी केला नाही.

राहता राहिला एक प्रश्न, जो या वादात दोन्ही बाजूंकडून निघतच नाही. सामूहिक नेतृत्वाच्या ज्या याद्या गल्लीगल्लीत फिरतात त्यांत बाई नसते, असली तर ‘महिला आघाडी’च्या चौकटीत. गावोगावचे बचत गट पाहा : दर आठवड्याला बैठक, ठरलेला हप्ता, कर्जाला सगळ्यांची संमती, हप्ता चुकला तर सगळ्यांसमोर विचारणा, वहीवर सह्या. पाळीपाळीने अध्यक्ष आणि सचिव बदलतात आणि बदलले तरी गट मोडत नाही. नेतृत्व वाटून दिशा एक ठेवण्याचा सीमाभागातला रोजचा अनुभव आज कोणाकडे असेल तर तो या बायांकडे आहे. पुढच्या वेळी घटक समितीची बैठक बसेल तेव्हा ‘सर्वसमावेशक’ यादीत गटातटाचे वाटे मोजण्याआधी अशा दोन-चार गटप्रमुखांना बोलावून त्यांची वही मागवावी, आणि आपल्या इतिवृत्ताच्या शेजारी ठेवून वाचावी.